भिंगरीला वळण लावण्याचा कार्यक्रम

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.२०

आजपासून रोजनिशी. वही बियाणाच्या दुकानातून फुकट मिळाली, कव्हरवर तुरीची शेंग आहे. चालतंय.

जळकोटला आत्याच्या घरी येऊन दोन दिवस झाले. आत्या इथं नाही, लेकीच्या, वृषालीच्या, बाळंतपणाला लोहाऱ्याला गेली. घरात आत्याचे यजमान शिवप्पामामा, मी, आणि ते मांजर.

आतापर्यंतचा हिशोब: हैदराबादची बेकरी एकोणीस दिवस. पुण्यात डिलिव्हरी बावीस. सोलापूरला मोबाइल रिपेअरिंग अकरा. कुठंच माझी चूक नव्हती, मालक लोकांना नजर नाही. आता इथं रेशमाच्या अळ्या. मामांचं दुसरं शेड जानेवारीत उभं राहणार आहे. ही एक बॅच मी नीट काढून दाखवली तर ते शेड माझ्या ताब्यात. वडील फोनवर म्हणाले, हे पण सोडलंस तर घराकडं तोंड करू नको. नको तर नको. पण शेड मला पाहिजे. खरंच पाहिजे. कुठंतरी माझ्या हातानं कुलूप लावलेलं एक दार पाहिजे.

आज टेम्पोतून अळ्या आल्या. शी. पांढऱ्या, गार, मऊ, बोटभर पण नाहीत आणि तोंड सगळ्यांना. तुतीचा पाला टाकला की सगळ्या एकदम चावतात. त्या आवाजानं माझी भाकरी अर्धी राहिली.

३ डिसेंबर, मंगळवार

मांजराचं नाव भिंगरी. वय आठ महिने. सकाळी सहाला खिडकी, टीव्ही, मामांचा फेटा, माझं पोट, परत खिडकी, अशी फेरी. मामा तिच्याशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत. जास्त मान कुणाला ते अजून कळलं नाही.

मामांनी काम समजावलं. म्हणाले, शेडात बाहेरची चप्पल न्यायची नाही, तंबाखू नाही, सेंट नाही, अगरबत्ती नाही, कसलं औषध मारायचं नाही, अळी लगेच मरती. मग म्हणाले, शेडावर आपण तिघं. मी, तू अन् भिंगरी. तिला अडवू नको.

मी हसलो. मामा हसले नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे विनोद असेच असतात, कळायला वेळ लागतो.

४ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.०५

उशीवर अर्धा उंदीर.

पुढचा अर्धा. मागचा कुठाय ते विचारायची हिंमत नाही.  उशी जाळा म्हणलं तर मामा म्हणाले, खोळ धू.

निश्चय: या मांजराला वळण लावायचं. सात दिवसांचा प्लॅन. आधी मांजर, मग अळ्या. एक काम हातात घेतलं की दुसरं नाही, हे माझं तत्त्व.

५ डिसेंबर

ट्रेनिंगचे व्हिडिओ बघितले. तीन बघायचे ठरवले होते, पण मध्येच एक माणूस ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा सोफासेट करतो ते लागलं. तासभर गेला. लई भारी डोकं. जमलं तर आपण पण करू.

ट्रेनिंगची पद्धत अशी: चमचा वाटीवर वाजवायचा, मांजर आलं की खायला द्यायचं. बोंबलाचे तुकडे आणले. पहिल्या तासात चौदा वेळा आली. यशस्वी. नंतर चमचा न वाजवताच आली. म्हणजे ॲडव्हान्स लेव्हल. नंतर तीच वाटीवर पंजा मारायला लागली आणि मी उठून बोंबील आणायला लागलो. इथं पद्धतीत थोडा बदल करावा लागेल.

हाताला बोंबलाचा वास. मामांनी शेडात येऊ दिलं नाही. ओसरीवर बसून राहिलो.

७ डिसेंबर, शनिवार

अळ्या कात टाकायला बसल्यात. डोकं वर करून गप्प. दीड दिवस खायचं नाही, हलायचं नाही. मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

भिंगरीला ही अक्कल नाही. आज मच्छरदाणीवर चढली. मच्छरदाणी फाटली, ती माझ्या तोंडावर आली, चारी पाय आणि शेपूट. गालावर दोन ओरखडे. इंजेक्शन घ्यायला नळदुर्गला गेलो. वाटेत जेसीबी ओढ्यातनं एक ट्रॉली काढत होता. ते निघेपर्यंत थांबलो, अशा कामाला जाणकार माणूस लागतो. दोघाचौघांना सूचना दिल्या. एकानं विचारलं, गालाला काय झालं? बिबट्या म्हणून सांगितलं.

इंजेक्शन उद्या.

८ डिसेंबर. दुपारी

इंजेक्शन घेतलं. दुखतंय. घरी येऊन बघतो तर चहाच्या कपाशेजारी पालीचं शेपूट. वळवळत होतं. स्वतःहून!

दूध-चहा बंद. कोरा प्यायचा, त्यात काय पडलं ते तरी दिसतं.

९ डिसेंबर, सोमवार

भिंगरीचं निरीक्षण करायचं ठरवलं. शत्रूची माहिती पाहिजे. दुपारी एक ते पावणेदोन शेडात बसलो (सेंट न लावता). निष्कर्ष: एक नंबरची आळशी. रॅकच्या खाली तोंड घालून बसती. पाऊण तास. शेपटीचं टोक तेवढं हलतं. अळ्यांकडं ढुंकून बघत नाही. इतकं ताजं मांस समोर आणि हिला भिंतीकडं बघायचंय.

पाला टाकायला तुळजाबाई येतात. पन्नाशीच्या असतील, बोलणं तिखट. मी त्यांना सांगितलं, मांजर कामाचं नाही. त्या म्हणाल्या, पाव्हणं, ती कामावर हाय, तुम्हीच बसलाव.

उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात मोबाइल वाजला. कंपनीचा होता.

११ डिसेंबर, बुधवार

वृषालीला मुलगी झाली त्याला नऊ दिवस झाले. मामा आज बारशाला लोहाऱ्याला गेले. परत आठवड्यानं, स्वतःच्या बहिणीकडं पण जाऊन येणार. जाताना तीनदा सांगितलं. पाला तुळजाबाई बघतील. तू जाळीचं दार बघ. कडब्याची गंज शेडाला चिटकून आहे, तिकडं ध्यान ठेव. भिंगरीला दूध दे.

एवढं सांगायची गरज नव्हती. मी काय लहान आहे?

संध्याकाळी एकट्यानं शेडाला चक्कर मारली. दोन्ही बाजूला रॅक, तीन-तीन मजले. आपल्या नव्या शेडात मध्ये खुर्ची टाकू. फिरती असली तर चांगलं.

१२ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ३

हात तीनदा साबणानं धुतले. भीतीनं नाही, किळसेनं.

भिंगरी खालून सुटली ती सरळ रॅकच्या मधल्या मजल्यावर. पाल्याच्या फांद्या, अळ्या, कागद, सगळं घेऊन पलीकडं खाली. तोंडात काहीतरी काळं होतं, मी बघितलं नाही, मी अळ्या बघत होतो. जमिनीवर. शेकडो. तुळजाबाई जेवायला गेलेल्या. मी एकेक उचलली. हातानं. गार. बोटाला धरून बसतात. एक बाहीत शिरली. मी शर्ट काढून ओसरीवर नाचलो ते पलीकडच्या पोरींनी बघितलं.

तुळजाबाई आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, चिमटीनं न्हाय, फांदीनं उचलायच्या असत्यात. अन् तिनं काय धरलं हुतं ते बघितलं का? मी म्हणलं, मला बघायचं पण नाही.

निर्णय: मांजर जाणार. माझ्या त्रासासाठी नाही. बॅचसाठी. मामांचं नुकसान मला बघवत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

प्लॅन फुल प्रूफ. खताच्या रिकाम्या पोत्याला हवेसाठी भोकं. आत बोंबील. भिंगरी आत गेली, मी तोंड बांधलं, मोटारसायकलला अडकवलं. हायवेवर उमरग्याच्या बाजूला एक मोठा ढाबा आहे, मटणाचा. मांजराचं तिथं कल्याण होईल. मी निर्दयी नाही.

ढाब्यावर एक ट्रकवाला भेटला, हैदराबादला निघालेला. बेकरीची गल्ली त्याला माहीत होती. दोन तास बोललो. केबिनमध्ये बसून पण बघितलं. तो म्हणाला, चल येतोस का. दरवाजा बंद करणारच होतो. मग शेडाची आठवण आली, उतरलो. हे मी कुणाला सांगणार नाही, पण वहीत लिहितो: मी उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मग ढाब्यामागं पोतं ठेवून दोन शब्द बोललो. म्हणलं, भिंगरे, तुझं-माझं जमलं नाही, राग धरू नको, इथं हाडं भरपूर आहेत. डोळ्यात पाणी आलं थोडं. वेटर बघत होता. पोतं सोडलं.

रिकामं.

पोत्याचं तळाचं भोक हवेपेक्षा जरा मोठं झालं होतं. घरी आलो तर ती ओसरीवर बसून अंग चाटत होती. मी पंधरा किलोमीटर पोत्याला जपून नेलं होतं, खड्ड्यात हळू घेत.

माझ्या चपलेत एक उंदीर. अख्खा. ही दादागिरी आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

झालं! काम फत्ते!

पुढच्या गावात गुंडाप्पांची पिठाची गिरणी आहे. त्यांना विचारलं, मांजर पाहिजे का? त्यांनी चालू गिरणी बंद केली. दळायला आलेल्या बायका ओरडल्या तरी बंदच. म्हणाले, कुणाचं, शिवप्पाचं? ती कपाळावर ठिपक्याची? मी सहा महिने मागायलोय त्याला, हात लावू देत न्हाय.

मला चहा, भजी. वर पाच किलो ज्वारीचं पीठ. आणि मला म्हणाले, बाळा, परत मागायचं न्हाय बरं का. मी म्हणलं, शब्द म्हणजे शब्द.

काही लोक बोलण्यात किती सहज गंडतात. असलं मांजर, आणि वर पीठ!

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ९

शांतता. झोप. उशी स्वच्छ. चहात फक्त चहा. माणसाला यापेक्षा काय लागतं?

तुळजाबाईंनी विचारलं, भिंगरी दिसंना? मी म्हणलं, असंल इकडं तिकडं, तरणं मांजर आहे. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पाल्याचा भारा डोक्यावर तसाच.

१६ डिसेंबर, सोमवार

शेडाची व्यवस्था माझ्या हाताखाली सुधारते आहे. पुरावा: पाला उरायला लागलाय! मामा म्हणाले होते, चौथी कात टाकल्यावर अळ्या राक्षसासारख्या खातात, पाला कमी पडतो. इथं उलटं. खालच्या मजल्यावर सकाळचा पाला संध्याकाळी हिरवागार. मांजराची भीती गेली, पोट शांत झालं. बचत.

तुळजाबाईंना दाखवलं. त्या वाकून रॅकखाली बघायला लागल्या. मी म्हणलं, वरचं बघा, खाली काय आहे. त्या म्हणाल्या, पाव्हणं, मामाला फोन लावा. मी म्हणलं, बारशात माणसाला त्रास देऊ नये.

त्यांच्याकडं मामांचा नंबर नाही ते बरं.

१७ डिसेंबर

अळ्यांची तब्येत लई सुधारली. आज खालच्या कागदावर लेंड्या बघितल्या. आधी मोहरीएवढ्या होत्या, आता काही चांगल्या लांबट, दोन्ही टोकाला निमुळत्या. वाढ म्हणजे वाढ. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले, मामांना दाखवायला.

आवाज पण वाढलाय. पाला न टाकता कुरतडल्याचा आवाज येतो. म्हणजे खाणं चालूच आहे. मग पाला का उरतो? विचार करत होतो, तेवढ्यात रस्त्यावरनं वरात गेली, बेंजो चांगला होता, चौकापर्यंत गेलो.

१८ डिसेंबर, बुधवार

मामा आले. दारातच पेढे दिले. पोरीचं नाव श्रावणी ठेवलं म्हणाले, तुझ्यासारखं नाक आहे. मी फोटो दाखवायला मोबाइल काढला. त्यांनी पहिला फोटो बघितला. दुसरा बघितला नाही. पेढ्याचा पुडा माझ्या हातात तसाच, ते शेडात.

बराच वेळ आले नाहीत. मग एक एक कागद उचलल्याचा आवाज. मी ओसरीवर पेढा खाल्ला. दुसरा खाल्ला. काहीतरी करायला पाहिजे होतं.

बाहेर आले, पायरीवर बसले. खालचे दोन्ही मजले निम्म्याच्या वर रिकामे. गंजीतनं भिंतीखाली बिळं, एक नाही, पाच. मामांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, रुद्रेश, उंदराच्या लेंड्यांचे फोटू काढलेस व्हय रे लेकरा.

मग म्हणाले, भिंगरी कुठाय?

मी म्हणलं, गेली असंल कुठं. तुळजाबाई पाल्याच्या भाऱ्यामागून म्हणाल्या, घरात गुंडाप्पाच्या गिरणीचं पीठ कसं आलं मग?

मला आत्ता किळस येतेय. कशाची ते लिहीत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

पीठ घेऊन गिरणीवर गेलो. चार किलोच राहिलं होतं, एक किलो वरून दुसरं घातलं. गुंडाप्पा म्हणाले, शब्द कुणी दिला हुता? मी हात जोडले. अळ्यांचं सांगितलं, शेडाचं सांगितलं, वडिलांचं पण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, तुझं पटतंय मला. पण माझ्या पोत्यांस्नी पाच दिवसांत एक भोक न्हाय. ती आली तर ने, मी अडवीत न्हाय.

भिंगरी गिरणीच्या कठड्यावर बसलेली. पांढरी झाली होती पिठानं, जाड पण. मी चमचा-वाटी नेली होती. वाजवली. दळायला आलेल्या बायका पाटी खाली ठेवून बघायला लागल्या. परत वाजवली. तिनं एकदा डोळे उघडले. मला ओळखलं, नक्की ओळखलं. मग डोळे मिटले.

एक बाई म्हणाली, अजून वाजव बाबा, भीक तरी मिळंल.

२१ डिसेंबर, शनिवार

अळ्या पिकल्या. पिवळसर होतात, पाला सोडतात, डोकं हलवत जागा शोधतात. मामा, तुळजाबाई आणि मी, तिघांनी उचलून प्लॅस्टिकच्या चंद्रिकांवर सोडल्या. त्याच्या घड्यांमध्ये त्या कोष विणतात. मी फांदीनं उचलल्या. शेवटी शेवटी हातानं. किळस आली का? आली. पण मोजून बघितलं तर थोडीच.

जेवढ्या राहिल्यात तेवढ्या तरी. उंदराला कोष लई आवडतो म्हणाले मामा, आतला किडा काढून खातो. विष ठेवता येत नाही. बिळं बुजवली, परत उकरली. गंज हलवायला आठ दिवस लागणार.

मी म्हणलं, मी बसतो. मामांनी कोपऱ्यातली काठी पुढं केली. म्हणजे हो.

२३ डिसेंबर, सोमवार

बसलो. काठी घेऊन, रॅकच्या खाली तोंड करून. ती बसायची त्याच जागी, तिथूनच तीन बिळं एका नजरेत दिसतात. हे मला तिनं सांगायला पाहिजे होतं.

मान आखडली. मोबाइल मामांनी काढून घेतला. बाहेर कुणीतरी बोअर मारत होतं, गाडीचा आवाज येत होता, किती फुटाला पाणी लागलं ते बघायला सगळं गाव गेलं. मी गेलो नाही.

एक उंदीर मारला. काठी तीनदा चुकली, चौथ्यांदा लागली. शेपटीला धरून मामांना दाखवायला नेला. ते म्हणाले, एकच?

२५ डिसेंबर

दोन. आणि एक पाल. पाल मोजायची का ते विचारलं. तुळजाबाई म्हणाल्या, भिंगरी मोजत न्हवती.

२८ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी

कोष काढले. पांढरेशुभ्र, भुईमुगाच्या शेंगेएवढे, हातात घेतले की खुळखुळतात. एवढ्या घाणीतनं एवढं स्वच्छ काही निघतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. निम्मेच आहेत. दोन पोती भरायची तिथं एकच भरलं.

आत्या पण आज आली. सगळ्यांनी ओसरीवर बसून बैठक केली. मामा म्हणाले, नवं शेड जानेवारीतच सुरू करायचं. मी सरळ होऊन बसलो. म्हणाले, तुळजाबाईच्या ताब्यात द्यायचं, अर्ध्या वाट्यानं. तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला, रडत होत्या की हसत ते दिसलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

मग मामा म्हणाले, रुद्रेश पण राहू दे. लागंल आपल्याला.

आत्यानं विचारलं, कशाला?

मामा म्हणाले, गुंडाप्पाकडं जाऊन आलो. भिंगरी मागं द्यायला तो तयार न्हाय, पण ती गाभण हाय. पहिल्या वेतातलं एक पिल्लू आपलं, ठरवून आलो. पिल्लू हाताशी यायला पाडवा उजाडंल. तवर हा बसंल.

आत्या बरं म्हणाली. वडिलांना आत्ता फोन केला. सांगितलं, पाडव्यापर्यंत पक्कं झालं. ते विचारत होते, पोस्ट काय आहे. म्हणलं, आवाज तुटतोय, नंतर बोलतो.